ट्रॅक्सले गोडतेल

कोपऱ्यावरच्या काकूंच्या लहान्यानं जुनी ट्रॅक्स घेतली, तेव्हा आमच्या गल्लीनं मान वर करून पाहिलं नव्हतं. शेलूबाजार, कारंजा, मानोरा अशा फेऱ्या मारून थकलेल्या काळ्या-पिवळ्या मंगरूळपिरात कोणाच्या ना कोणाच्या अंगणात येऊन उभ्या राहतातच. पण परवा मिस्त्रीवैनींनी कुंपणापलीकडून हाक मारली, आणि नुसत्या आवाजावरून कळलं की माल ताजा आहे.

“बाई, आयकलं काय? लहान्या थ्या गाडीले गोडतेल पाजून रायला.”

“गाडीला?”

“मंग मी काय म्हून रायली! डिझेल बंद. काकू सोता सांगत व्हती नळावर. भजे तळ्याचं जळकं तेल आनते, कुठून करंजाचं आनते, अन् ड्रमात टाकून घोटते. पुन्याले नोकरीले गेल्ता ना, थे शिकून आला.”

“पण गाडी चालते का?”

“जाते तवा मांगून वास येते, तुमाले नाई आला?”

आला होता. सकाळी सकाळी गल्लीत कांदाभज्यांचा दरवळ सुटला तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलंही होतं की मिस्त्रींकडे पाहुणे आलेले दिसतात. हे वैनींना सांगितलं असतं तर ‘आमच्या घरी रोज भजे होतात काय’ इथून नवा विषय निघाला असता, म्हणून मी तो गिळला.

“अन् मुलीकडचे येऊन रायले त्याले पाहाले,” वैनी आवाज खाली आणत म्हणाल्या. “पुसदकडचे हायेत. आता असा पोट्टा, गाडीले तेल पाजते अन् कपड्याले ग्रीस. कोन देईन पोरगी?”

एवढ्यात मिस्त्रीभाऊ बशीत चहा ओतत बाहेर आले. मिस्त्रीभाऊ एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण गल्लीत कुठलंही इंजिन खोकलं की त्यांचा हात अजून पान्याकडे जातो. मी त्यांना विचारलं, तसे ते शांतपणे म्हणाले, “चालन ना. न चालाले काय झालं?”

वैनींचा चेहरा पडला. ज्याला गावभर खुळा ठरवायचं त्याला आपल्याच नवऱ्यानं शहाणा ठरवला की गप्पांचा जोरच जातो.

“पाहा बाई,” मिस्त्रीभाऊंनी बशी कुंपणाच्या दगडावर ठेवली, “थे ट्रॅक्स हाये म्हनून चालन. आताची कॉमन रेलची गाडी असती तं मीच त्याच्या कानाखाली देल्ली असती. ट्रॅक्सचं जुनं इंजिन मुळात मर्सिडीजचं. बजाज टेम्पोनं थे मॅटाडोरले बसवलं, मंग ट्रॅक्सले. थ्यात डिझेल पयले एका लहान कोठीत पेटते, अन् तिथून सिलिंडरात येते. कोठी तापलेली राह्यते, जाडंभरडं तेल आलं तरी पचवते. अन् पंप मायकोचा, लायनीतला. त्याले वंगन इंजिन ऑइलचं. रोटरी पंप असता तं त्याले वंगनच डिझेलचं लागते, तिथं जाड तेलानं पंप गेला असता. कॉमन रेलमंधी तं हजार-दीड हजार बारचं प्रेशर, अन् नोजलाची भोकं केसाएवढी. तिथं समोस्याचं तेल घालनं म्हंजे पन्नास हजाराले आग लावनं.”

“म्हणजे खरा अडसर जाडीचाच,” मी म्हटलं. माझ्यातली मास्तरीण निवृत्त झालेली नाही. “चाळीस अंशांवर मोजलं तर डिझेलची चिकटाई दोन ते साडेचार सेंटिस्टोक भरते आणि आपल्या खायच्या तेलांची तीस-चाळीसच्या घरात. साधारण दहापट. पंपानं ते ढकललं तरी नोजलातून बारीक फवारा उडत नाही, मोठे थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत.”

“अन् मंग नोजलच्या तोंडाले कार्बन धरते, रिंगा धरते, न जळलेलं तेल खाली इंजिन ऑइलात उतरते. एक दिवस ऑइल काढाले जावं तं थे बाहीरच येत नाई.” मिस्त्रीभाऊंनी हे अशा आवाजात सांगितलं की कोण्या ओळखीच्या माणसाच्या आजारपणाची हकिकत वाटावी. “म्हनून मी त्याले सांगतलं, तुले सरळ तेलच जाळाचं असन तं दोन टाक्या कर. लहान टाकीत डिझेल. गाडी चालू कराची डिझेलवर. रेडिएटरचं पानी तापलं का थे गरम पानी तांब्याच्या नळीतून तेलाच्या टाकीत फिरवाचं. तेल सत्तर-ऐंशी अंश तापलं का पातळ होते, मंग कॉक फिरवाचा. अन् बंद कराच्या आंधी पाच मिनिट परत डिझेलवर आनाची, नाईतं पंपात अन् नोजलात तेल राह्यते अन् सकाळी थिजून बसते.”

“म्हंजे तुमीच शिकवून रायले त्याले!” वैनी उसळल्या.

“मी फक्त नळी देल्ली.”

घरातली जुनी तांब्याची नळी कुठं गेली याचा पत्ता वैनींना त्या क्षणी लागला. त्या प्रकरणात मी पडले नाही.

थिजण्यावरून आठवलं. सगळी तेलं काही एका जातीची नसतात, आणि आपल्या भागात हे कोणाला शिकवायची गरज नाही. मोहाच्या बियांचं तेल थंडीत डब्यात घट्ट होऊन बसतं. एरंडेल थिजत नाही, पण उन्हाळ्यातसुद्धा ते इतकं जाड असतं की इंजिनाच्या नळीतून उतरायला तयार नसतं. जवसाचं तर विचारूच नका. लाकडाला जवसाच्या तेलाचा हात मारतात तो का? ते हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वर कडक साय धरतं. दारावर शोभतं ते, पिस्टनवर नाही. सोयाबीन या बाबतीत अधलंमधलं. फल्लीतेल आणि करंज बरे. लहान्या करंजाकडे वळला त्यात अक्कल होती, हे मला तिथंच कबूल करावं लागलं.

“पन हे खूळ आलं कुठून?” वैनींचा मुद्दा मुळाशी होता. “डिझेलच्या गाडीत तेल घालाचं मनात तरी कसं येते?”

“वैनी, ते मुळातलंच आहे. रुडॉल्फ डिझेलच्या पहिल्या इंजिनानं 10 ऑगस्ट 1893 ला जर्मनीत ऑग्सबुर्गला पहिल्यांदा पेट घेतला. म्हणून आपल्याकडे 10 ऑगस्टला जैवइंधन दिवस साजरा करतात. भाषणांतून ठोकून देतात की त्या दिवशी ते शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. तसं काही नव्हतं. फल्लीतेलाची गोष्ट 1900 सालची, पॅरिसच्या प्रदर्शनातली. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगावर इंजिन चालतं का ते पाहायचं होतं. एक लहानसं डिझेल इंजिन तिथं फल्लीतेलावर चालवलं, आणि ते इतकं बिनबोभाट चाललं की पाहणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना पत्ता लागला. हे पुढं खुद्द डिझेलनंच लिहून ठेवलंय.”

“मंग तं लय पैसा कमावला असन त्यानं?”

“कमावला आणि घालवला. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर जेवला, आपल्या खोलीकडे गेला, आणि सकाळी बोटीवर नव्हताच. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं.”

वैनी कुंपणाला येऊन टेकल्या. इतका वेळ पंप, नोजल, कोठी यांत त्यांचं लक्ष नव्हतं, आता होतं. “कोनं ढकलला?”

“कोणी म्हणतं तेलकंपन्यांनी, कोणी म्हणतं हेरगिरीतून. बायकोजवळ एक बॅग देऊन गेला होता म्हणतात, आठवडाभरानं उघड असं सांगून. उघडली तर आत रोकड. आणि बँकेच्या खात्यात खडखडाट.”

“म्हंजे त्याले मालूम व्हतं.”

“कर्ज,” मिस्त्रीभाऊ म्हणाले. “दुसरं काय राह्यते?” वऱ्हाडातल्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. मिस्त्रीभाऊंनी बशीतला गार झालेला चहा ओतून दिला आणि वैनींनी मुद्दाम दुसरा विषय काढला. तो होता साबणाचा.

साबणाची हकिकत काकूंनी नळावर एकदा, मंदिरात एकदा अशी सांगितली होती, आणि दोन्ही वेळा साबणाचं माप वाढलं होतं. मूळ गोष्ट अशी. लहान्याला दोन टाक्यांची कटकट नको होती. त्याला तेलाचंच पातळ डिझेल करायचं होतं. त्याची कृती कागदावर फार सोपी दिसते: एक लिटर तेल, पाव लिटरच्या आतबाहेर मिथेनॉल, साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा मिथेनॉलमध्ये विरघळवायचा, साठ अंशांच्या आसपास तापवलेल्या तेलात ओतायचा आणि घोटत राहायचं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या दांडीला लटकलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल त्या साखळ्या एकेक करून सोडवून घेतं. रात्रभर ठेवलं की काकवीसारखं काळपट ग्लिसरीन बुडाला बसतं आणि वर पिवळसर, पातळ बायोडिझेल तरंगतं. ते पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, गाळायचं. डिझेलपेक्षा त्यात जोर थोडा कमी, पण इंजिनाला ते रुचतं.

कागदावर नसतं ते एवढंच, की समोस्याच्या कढईतलं तेल कोरडं नसतं. कांद्याचं पाणी, बटाट्याचं पिठूळ, आणि वारंवार तापून सुटं झालेलं आम्ल. पाणी आणि सुटं आम्ल भेटलं की सोडा आपलं जुनं काम करतो, जे तो शतकानुशतकं करत आला आहे: साबण.

“ड्रमभर साबन!” वैनी डोळे पुसत म्हणाल्या. “लहान्या सकाळी उठून पाह्यते तं पातळ डिझेल कुठं, सगयं लोन्यावानी घट्ट. काकूनं थ्याच्यानं अंगनातली फरशी धुतली. चकचकीत झाली म्हन्ते, पन चार दिस पाय घसरून रायले सगयाइचे.”

“आधी तेल एकशेदहा अंशांपर्यंत तापवून पाणी उडवायचं,” मी सांगितलं, “आणि त्यात आम्ल किती ते थेंब थेंब मोजून सोड्याचं माप वाढवायचं. नववीतल्या मुलालाही शिकवता येतं. करंजाच्या तेलात तर मुळातच आम्ल जास्त. तिथं अगोदर सल्फ्युरिक आम्लाचा एक हात द्यावा लागतो, मग सोडा.”

“बाई, तुमी पन!” वैनींनी मला थेट लहान्याच्या पार्टीत टाकलं.

पण माझ्या पोटात गोळा आला होता तो वेगळ्याच कारणानं. “हे घोटतो कुठं तो?”

“कुठं म्हंजे? मांगच्या खोलीत. काकूची चूल हाये तिथंच.”

मिथेनॉल म्हणजे विषारी दारूच्या बातमीतलं ते विष. घोटभर पोटात गेलं तरी डोळे जातात. वाफ सतत श्वासात गेली तरी बरं नाही. कातडीतूनही ते मुरतं. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, म्हणजे आग लागली हे हात पोळल्यावर कळतं. ते विकत घ्यायलाच परवाना लागतो, तर लहान्यानं ते कोणाकडून आणलं हा प्रश्न होताच. मी त्याच वेळी पदर खोचून कोपऱ्यापर्यंत गेले. तो माझ्या हाताखालून गेलेला विद्यार्थी, ‘बाई बाई’ करत समोर आला. मी त्याला ओट्यावरच झापला. संध्याकाळपर्यंत ड्रम, डबा आणि घोटणी गावाबाहेरच्या त्याच्या काकाच्या वावरात गेली. मिस्त्रीभाऊंनी जाता जाता त्याला ड्रमच्या तळाला कॉक बसवून दिला, हे मला मागाहून कळलं.

तेलाच्या हिशेबावर मात्र गल्लीत दोन तट पडले. सुरुवातीला लहान्याला वाटलं होतं, जळकं तेल फुकट मिळेल. मोठ्या शहरात मिळत असेलही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, 1 जुलै 2018 पासून: तेलात वारंवार तळून तयार होणारे ध्रुवीय घटक पंचवीस टक्क्यांपुढं गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. असं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करावं अशी योजनाही त्याच वर्षी 10 ऑगस्टला निघाली. पण वैनींनी एका वाक्यात त्या योजनेचा मंगरूळपीर आवृत्तीचा निकाल लावला.

“आपल्याकडं कढईतलं तेल उरते कवा बाप्पा? संपते.”

खरंच आहे. आपल्या गावात तेल टाकून देत नाहीत, त्यात नवं ओततात. सकाळी पोह्यांची फोडणी आणि कचोरी, दुपारी समोसा, संध्याकाळी भजी, आणि उरलंच तर ते दुसऱ्या ठेल्यावर अर्ध्या भावात जातं. लहान्या डबा घेऊन फिरू लागला तसं पहिल्या आठवड्यात ‘घेऊन जा’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या आठवड्यात भाव सांगितला. गिऱ्हाईक दिसलं की कचऱ्यालाही किंमत येते, हे बाजार समितीच्या गावात पोरानं आधी ओळखायला हवं होतं. आणि ताजं तेल? डिझेल नव्वदीत, सोयाबीनचा पुडा सव्वाशेच्या वर. वाशीम जिल्हा सोयाबीनचा, अर्धं वावर सोयाबीननं पिवळं होतं, पण त्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, बाकी ढेप. देश आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. ते ट्रॅक्सच्या टाकीत ओतायचं म्हणजे इंडोनेशियाचं पाम बाहेरच्या कच्च्या तेलाच्या डिझेलऐवजी जाळायचं. लहान्याला हे पटलं, म्हणून तो करंजावर आला.

करंजाला पैसा लागत नाही, माणूस लागतं. झाडं आहेत, रस्त्याकडेला आहेत, नाल्याकाठी आहेत. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पूर्वी खरजेला त्याचं कडू तेल लावत आणि देवळात दिव्यालाही घालत. चैत्र-वैशाखात शेंगांचा सडा पडतो. मी वैनींना म्हटलं, “वेचायचा आणि घाण्यावर द्यायचा, अडचण काय?”

“तुमी वेचला काय कवा?” वैनी लहानपणी वेचत होत्या, त्यांच्या आईकडे त्याला गिऱ्हाईक होतं. “शेंग चपटी, लाकडावानी टनक. थे दगडानं ठेचाची, नाईतं उन्हात वाळवून बडवाची. आत बी एक. दोन असले तं नशीब. ठेचून ठेचून बोटं काये पडते. एक बाई दिवसभर बसली तं सात-आठ किलो बी निंघन, जास्त नाई. आता मजुरी सांगा.”

मिस्त्रीभाऊंनी पेन्सिल नसतानाही हिशेब केला. बियांत तेल तीस टक्क्यांच्या आसपास असतं, पण गावच्या घाण्यातून किलोला पावकिलोच्या वर काही उतरत नाही. ट्रॅक्स लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते. वाशीम चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. म्हणजे आठ लिटर तेल, म्हणजे बत्तीस किलो बी, म्हणजे चार बायांची दिवसभराची मजुरी. “इतक्या पैशात थ्या चार बाया एसटीनं वाशीमले जाऊन येतीन,” ते म्हणाले. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे ही सवलत त्यांनी हिशेबात धरली होती.

“अन् ढेपही ढोराले चालत नाई,” वैनींनी शेवटचा खिळा मारला. “खताले चालते तेवढी.”

आमच्या दोन घरांमधलं कुंपण मोगली एरंडाचं आहे, आणि या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त आशा लागली होती ती त्याच झाडाला, हे मला तेव्हा सांगावंच लागलं. आमच्यासाठी ती साधी वई. बकरी खात नाही, फांदी खोचली की जगते, चीक कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही. पोरं गवताची काडी वाकवून तिच्यात चिकाचा पापुद्रा धरतात आणि फुगे उडवतात. एका बोंडात तीन काळ्या बिया. चवीला बऱ्या लागतात, हेच वाईट. वर्षाआड कुठल्या ना कुठल्या शाळेतली मुलं त्या खाऊन ओकाऱ्या-जुलाबांनी दवाखान्यात भरती होतात. मी शाळेत शिकवत असताना मुलांना मधल्या सुट्टीत कुंपणाकडे फिरकू देत नसे.

आणि याच झाडावर देश डिझेल पिकवणार होता. नाशिकचे विनायकदादा पाटील तर सरकारच्या कितीतरी आधीपासून ‘चंद्रज्योत लावा’, म्हणजे हाच मोगली एरंड लावा, म्हणून शेतकऱ्यांना सांगत होते. 31 डिसेंबर 2002 ला दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर धावली. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं पडीक जमिनींवर या झाडाची मोहीम मांडली. 1 जानेवारी 2006 पासून सरकारी तेलकंपन्या बायोडिझेल लिटरला पंचवीस रुपयांनी घेणार असं ठरलं. करणाऱ्याला ते त्याहून महाग पडत होतं, म्हणून विकायला कोणी आलं नाही. 2009 च्या धोरणात 2017 पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिसळायचं होतं. 2018 च्या धोरणात ते पाच टक्के झालं आणि मुदत 2030 पर्यंत गेली. प्रत्यक्षात मिसळ एका टक्क्याच्या आतच घुटमळते.

“आमच्या धुऱ्यावर पन लावले व्हते,” वैनी म्हणाल्या. “रोपं फुकट भेटले. सायेब म्हने पानी नाई लागत. नाईच लागत. जगते बाप्पा, मरत नाई. पन बोंडं कुठं? मुठीमुठीनं येतात, अन् थेही एकदम पिकत नाई. आज चार, आठ दिसानं पाच. कोन जाईन परत परत तोडाले?”

“2018 च्या ऑगस्टात त्याच्या तेलावर विमान उडालं, वैनी. डेहराडूनहून दिल्लीला. एका इंजिनात पंचवीस टक्के मिसळ होती.”

“मंग विमानवाल्याइले सांगा, आमच्या वईचे बी घेऊन जा.”

मिस्त्रीभाऊंना नागपूरच्या बस आठवल्या. 2014 च्या ऑगस्टात तिथं स्वीडनच्या स्कॅनियाची हिरवी बस आणली होती, इथेनॉलवर चालणारी. इंजिन डिझेलच्याच जातीचं, पण इथेनॉल नुसतं दाबून पेटत नाही, म्हणून दाब वाढवून अठ्ठावीसला एक असा ठेवलेला आणि पंच्याण्णव टक्के इथेनॉलमध्ये पेट घ्यायचं रसायन मिसळलेलं. नितीन गडकरींचा त्यामागं आग्रह होता. पुढं ताफा वाढला, लाल बसच्या जोडीला नागपुरात हिरवी बस दिसू लागली. पैशांच्या वादातून 2018 मध्ये ती सेवा थांबली. मिस्त्रीभाऊंनी त्या बसचं इंजिन मुद्दाम जाऊन ऐकलं होतं. “इंजिन नाई बंद पडलं, बाई. हिसाब बंद पडला.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला अजून पटतं. तेलावर चालवायचं तर उभं इंजिन चालवा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी कग्गनहळ्ळी गावात तेच केलं होतं: करंजाचं तेल, जनरेटर, आणि त्यावर शेताचे पंप. झाड बांधावर, घाणा गावात, इंजिन विहिरीवर. वाहतूक नाही, मोजमाप नाही. आपल्याकडची मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची लिस्टर जातीची इंजिनं तर काहीही गिळायची. मिस्त्रीभाऊंच्या उस्तादांनी लढाईच्या काळात पेट्रोलच्या टंचाईत मागं भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर धावणाऱ्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या, त्यापुढं हे काहीच नव्हे.

“मग लहान्याला तेच सांगा ना,” मी म्हटलं.

“काय सांगू? आता वावरात सगळे सोलर लावून रायले. इंजिन राह्यलं कोनाकडं?”

यावर तिघंही जरा गप्प बसलो.

राहिला प्रश्न कायद्याचा. लहान्याच्या गाडीवर एमएच 37, आरसी बुकात इंधन: डिझेल. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीत बदल करायचा तर आरटीओची मंजुरी लागते. टाकी, नळी, कॉक बसवून वाशीमला पासिंगला नेली तर काय उत्तर देणार? उद्या कुठं ठोकली तर विमावाला आधी टाकीच उघडून पाहील. शिवाय मधल्या काळात हायवेवर बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच औद्योगिक तेल विकणाऱ्यांवर इतक्या धाडी पडल्या की राज्याला 2021 मध्ये परवान्यांचं वेगळं धोरण आणावं लागलं. भज्यांच्या वासाची गाडी पोलिसानं थांबवली तर तो आधी हसेल, मग चावी काढून घेईल.

हे सगळं सांगून झालं तेव्हा खुद्द लहान्याच गल्लीतून आला. हातात डिझेल फिल्टर. बायोडिझेलनं जुन्या टाकीतली वर्षानुवर्षांची घाण धुऊन काढली आणि सगळी फिल्टरमध्ये आणून बसवली. शिवाय रबरी नळ्या फुगल्या. मिस्त्रीभाऊंनी फिल्टर नाकाला लावला, मान हलवली आणि म्हणाले, “नळ्या नव्या टाकू, तेलानं न फुगनाऱ्या. चाल.”

“चाल कुठं?” वैनींनी दोघांना अडवलं. “रविवारी पुसदवाले येऊन रायले. काकूनं त्याइले काय सांगतलं मालूम हाये? पोरगा तेलाच्या धंद्यात हाये म्हने!”

“खोटं काय आहे त्यात?” मी.

“थेच तं. म्हून सांगतो, रविवारी गाडी डिझेलवर चालवजो रे बाबू. अन् पाहुन्याइले स्टँडवरून आनाचं असन तं आमच्या ह्याइची मोटारसायकल घेऊन जाजो.”

“मिस्त्रीकाकू, चौघं येऊन रायले.”

“मंग दोन खेपा करजो.”